वैचारिक निबंध वर्गात कसा शिकवावा: कच्च्या विचारापासून पक्क्या प्रतीपर्यंत

आठवी ते दहावीच्या वर्गावर पहिल्यांदा मराठी शिकवायला जाणाऱ्या शिक्षकांसाठी हे टिपण आहे. निबंधाचा तास बहुतेक शाळांत ठरलेल्या पद्धतीने होतो. फळ्यावर विषय लिहायचा, खाली ‘प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप’ असे चार शब्द लिहायचे आणि ‘उद्या पक्क्या वहीत लिहून आणा’ असे सांगून तास संपवायचा. दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा येतो आणि वहीमागून वही तीच गाइडमधली वाक्ये दिसतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे, हे ठरवायला त्यांना वेळच मिळालेला नसतो. पुढची सगळी पद्धत हा वेळ काढून देण्यासाठी आहे.

वर्णनात्मक निबंधात पाहिलेले सांगायचे असते, आत्मवृत्तात दुसऱ्याच्या तोंडून बोलायचे असते. वैचारिक निबंधात एका प्रश्नावर भूमिका घ्यायची असते आणि ती कारणे व दाखले देऊन वाचणाऱ्याला पटवायची असते. पहिल्याच तासाला मुलांना एवढाच फरक सांगावा. प्रकारांची लांबलचक यादी सांगू नये. ती पाठ होते आणि लिहिताना उपयोगी पडत नाही.

वेळ आणि लांबी

३५ मिनिटांच्या आठ तासिका बाजूला काढाव्यात, आठवड्याला चार याप्रमाणे दोन आठवडे. पहिली प्रश्न आणि विधानासाठी, दुसरी माहितीसाठी, तिसरी निवड आणि आराखड्यासाठी, चौथी-पाचवी परिच्छेदांसाठी, सहावी सुरुवात आणि शेवटासाठी, सातवी एकमेकांचे वाचण्यासाठी, आठवी पक्क्या प्रतीसाठी. निबंध ३०० शब्दांचा. एका सत्रात चार निबंध एकेकदा लिहून घेण्यापेक्षा एकच निबंध दोनदा लिहून घेतलेला बरा. सुधारणे म्हणजे काय, हे दुसऱ्यांदा लिहितानाच कळते.

विषयाचा प्रश्न करा, प्रश्नाचे विधान करा

‘प्लॅस्टिकची समस्या’ हा विषय दिला की मूल प्लॅस्टिकबद्दल जे जे आठवेल ते लिहून काढते, कारण विषय काही विचारतच नाही. त्याऐवजी फळ्यावर लिहा: ‘प्लॅस्टिक पिशव्यांवरची बंदी यशस्वी होण्यासाठी दंड पुरेसा आहे का?’ आता उत्तर द्यावे लागते. ‘वृक्षसंवर्धन’ असेल, तर ‘रस्ता रुंद करताना तोडलेल्या मोठ्या झाडांची भरपाई नवी रोपे लावून होते का?’ असे विचारा. पुढच्या सगळ्या पायऱ्या आपण पिशव्यांच्या प्रश्नावर करून पाहू.

प्रश्नाचे एका वाक्यात दिलेले उत्तर म्हणजे निबंधाचे मूळ विधान. प्रत्येकाने ते रफ वहीत लिहावे, मग दोन कसोट्या लावाव्यात. पहिली कसोटी: याला कोणी शहाणा माणूस ‘नाही’ म्हणू शकेल का? ‘प्लॅस्टिक घातक आहे’ याला कोणी नाही म्हणत नाही, तेव्हा त्यावर पटवून देण्यासारखे काही उरत नाही. दुसरी: विधानात ‘कारण’ किंवा ‘तर’ दडलेले आहे का? ‘दंड वाढवून बंदी टिकणार नाही, पिशवीला स्वस्त पर्याय मिळाला तरच टिकेल.’ हे विधान दोन्ही कसोट्यांना उतरते, शिवाय निबंधात कशाकशाबद्दल लिहावे लागेल तेही सांगून टाकते.

इथे सर्वांत जास्त अडचण येते, म्हणून घाई करू नये. पुष्कळ मुले ‘दोन्ही बाजू बरोबर आहेत’ असे लिहितात. चूक ठरण्याच्या भीतीने ती मधे उभी राहतात. त्यांना सांगावे की गुण कोणती बाजू घेतली याला नाहीत, ती कशी मांडली याला आहेत. आणि हे तपासताना खरोखर पाळावे. शिक्षकाच्या मताविरुद्धच्या चांगल्या निबंधाला एकदा कमी गुण मिळाले की पुढे वर्षभर वर्ग शिक्षकाचे मत ओळखण्यात वेळ घालवतो.

विधान ठरवण्याआधी दहा मिनिटे तोंडी चर्चा करा, आणि ती मुलांच्या घरच्या बोलीत होऊ द्या. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जिला जी येते ती. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत आधी बाहेर पडला, की प्रमाणभाषेत मांडणे हे वेगळे आणि पुष्कळ सोपे काम होते. बोलतानाच ‘न’चा ‘ण’ करायला लावला तर मूल गप्प बसते आणि लिहिताना गाइड उघडते.

माहिती: थोडी, पण स्वतः मिळवलेली

दुसऱ्या तासाच्या आधी आठवडाभर घरी एक काम द्यावे. घरात रोज किती प्लॅस्टिक पिशव्या आल्या, कशासोबत आल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, याचा सात ओळींचा तक्ता. दुधाची पिशवी वेगळी मोजावी. ‘सात दिवसांत आमच्या घरी २३ पिशव्या आल्या, त्यांतल्या १४ भाजीबरोबर’ असे वाक्य कोणत्याही गाइडमध्ये सापडत नाही. मात्र एका घराच्या आकड्यावरून ‘महाराष्ट्रातील प्रत्येक घरात’ अशी उडी मारता येत नाही, हेही तिथेच शिकवावे. ‘आमच्या घरी’, ‘आमच्या वर्गातील २० घरांत’ एवढेच लिहावे.

याच्या जोडीला चार-पाच पक्क्या गोष्टी शिक्षकाने फळ्यावर द्याव्यात. २००६ साली महाराष्ट्रात ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर नियमाने बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात सगळ्याच प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद होती. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. देशपातळीवर पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरली.

आता वर्गाला विचारा, यातले काय आपल्या विधानाच्या कामाचे? २००६ मध्ये बंदी आली आणि बारा वर्षांनी पुन्हा नवी, जास्त कडक बंदी घालावी लागली, हे ‘नुसता नियम पुरत नाही’ या म्हणण्याला थेट आधार देते. मायक्रॉनचे आकडे या विधानाला फारसे लागत नाहीत, ते गाळावेत. मिळालेली माहिती टाकून देणे मुलांना जड जाते, कारण कष्टाने मिळवलेली असते. पण निबंध पसरट होण्याचे पहिले कारण हेच.

निवड आणि आराखडा

प्रत्येक मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायला सांगा. जुन्या वह्यांचे कोरे कागद चालतात. प्रत्येकाकडे १२ ते १५ चिठ्ठ्या होतात. सारख्या अर्थाच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवल्या की तीन-चार ढीग पडतात. मोठे तीन ढीग म्हणजे निबंधाचे तीन मधले परिच्छेद. एकट्या उरलेल्या चिठ्ठ्या बाजूला ठेवायच्या. क्रम लावताना सर्वांत भक्कम मुद्दा शेवटी आणि सर्वांत सोपा आधी ठेवावा.

३०० शब्दांची वाटणी साधारण अशी: सुरुवात ४५, पहिला मुद्दा ६०, दुसरा ६५, विरोधी बाजू आणि तिला उत्तर ८०, शेवट ५०. म्हणजे तीन ढिगांपैकी एक ढीग विरोधी बाजूचा असला पाहिजे. नसेल, तर ती चिठ्ठी मुद्दाम लिहून घ्यावी. आराखडा पाच ओळींचा असावा आणि प्रत्येक ओळ पूर्ण वाक्य असावी. ‘दंड’ एवढाच शब्द आराखड्यात असला की परिच्छेद कुठेही भरकटतो. ‘दंडाची भीती तपासणीच्या दिवसापुरती असते’ असे लिहिले की वाट ठरते.

परिच्छेद

सगळ्या पद्धतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा. याला दोन तासिका ठेवल्या आहेत त्या म्हणूनच. फळ्यावर आधी नेहमीचा परिच्छेद लिहा:

‘प्लॅस्टिक हे खूप घातक आहे. प्लॅस्टिकमुळे प्रदूषण होते. सरकारने बंदी घातली आहे पण लोक ऐकत नाहीत. आपण सर्वांनी जागरूक झाले पाहिजे. प्लॅस्टिक हटवा, देश वाचवा.’

वर्गाला विचारा: पहिल्या वाक्याला आधार देणारे वाक्य कोणते? दुसरे त्याच अर्थाचे आहे, तिसरे वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे, चौथा उपदेश आणि पाचवी घोषणा. वाक्यांचा क्रम उलटा केला तरी काही बिघडत नाही. उलटा करूनच दाखवा. क्रम बदलून फरक पडत नसेल तर तो परिच्छेद नाही, वाक्यांची यादी आहे, हे मुलांना त्या क्षणी दिसते.

मग शेजारी दुसरा लिहा:

‘बंदी टिकायची असेल, तर पिशवीला स्वस्त पर्याय हवा. आठवडी बाजारात पाव किलो मिरच्या विकणाऱ्या बाईला त्या विक्रीत मोजके पैसे सुटतात. त्यातून कापडी पिशवी देणे तिला परवडत नाही, आणि काहीच दिले नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळते. दंडाची भीती तपासणीच्या दिवसापुरती असते; गिऱ्हाईक जाण्याची भीती रोजची असते. म्हणून पर्याय हाती येईपर्यंत पातळ पिशव्या लपूनछपून चालूच राहतात.’

यात चार कामे झाली आहेत: मुद्दा मांडला, त्याचा डोळ्यांसमोर उभा राहणारा दाखला दिला, दाखल्यातून काय निघते ते सांगितले आणि मूळ विधानाशी जोडले. मुलांच्या वहीत या चार कामांना चार रंगांनी अधोरेखित करायला सांगा. त्यांच्या स्वतःच्या परिच्छेदात बहुतेक वेळा तिसरा रंग सापडत नाही. दाखला देऊन मूल थांबते, कारण त्याच्या मते तो पुरेसा बोलका असतो. समासात ‘मग काय?’ असे दोन शब्द लिहावेत आणि उत्तर त्याच्याकडूनच काढावे.

आकड्यांचेही तेच. ‘दंड ५,००० रुपये आहे.’ इथे वाक्य संपले तर ती नुसती माहिती. ‘दंड ५,००० रुपये असूनही बाजारात पिशवी मिळते, कारण रोज प्रत्येक पाटी तपासणे कोणत्याही नगरपालिकेला जमणारे नाही’ असे लिहिले की आकडा कामाला लागतो.

विरोधी बाजू

मुले विरोधी बाजू मुद्दाम लुळी मांडतात: ‘काही लोक म्हणतात की दंड हवा, पण ते चूक आहे.’ एवढ्याने कोणाचेही मत बदलत नाही. समोरच्याला ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे वाटेल इतक्या ताकदीने त्याची बाजू लिहायची, त्यातले खरे ते मान्य करायचे, मग उत्तर द्यायचे. ‘दंड नसेल तर कोणी नियम मानणार नाही, असे म्हणता येईल. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. हेल्मेटचा नियम तपासणी असते त्या चौकातच जास्त पाळला जातो. मात्र हेल्मेट घातल्याने कोणाचे गिऱ्हाईक जात नाही. भाजीवालीचे जाते.’ वर्गाचे दोन गट करून प्रत्येकाला स्वतःच्या विरोधातली बाजू बोलायला लावली तर हा परिच्छेद लवकर जमतो.

सुरुवात आणि शेवट सगळ्यांत शेवटी

मधले परिच्छेद तयार झाल्यावरच सुरुवात लिहून घ्यावी. आधी लिहायला बसवले की ‘आजच्या विज्ञानयुगात’, ‘अनादी काळापासून मानव’ किंवा एखादा सुविचार येतो. काय येणार आहे हे अजून लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसते, म्हणून तो कशालाही चालेल असे वाक्य शोधतो. हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही निबंधाच्या डोक्यावर बसवता येते का, एवढे विचारावे. येत असेल तर खोडावे.

आपल्या विषयाची सुरुवात अशी होऊ शकते: ‘२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईची गटारे तुंबण्यात पिशव्यांचाही वाटा होता, हे पुढे आले आणि दुसऱ्याच वर्षी राज्यात पातळ पिशव्यांवर बंदी आली. तरीही २०१८ मध्ये पुन्हा नवी बंदी घालावी लागली. मग कमी पडले ते काय?’ यानंतरचे वाक्य मूळ विधान.

शेवटी मुद्द्यांची उजळणी नको. ३०० शब्दांपूर्वी वाचलेले वाचणारा विसरलेला नसतो. विधान मान्य केले तर उद्या काय करावे लागेल, ते नेमके लिहावे: बाजाराच्या दिवशी महिला बचत गटाकडून शिवलेल्या पिशव्या अनामत रकमेवर द्याव्यात, परत आणली की पैसे परत. ‘आपण सर्वांनी’ने सुरू होणारे शेवटचे वाक्य बहुधा काढता येते. आपण सर्वांनी म्हणजे नेमके कोणीच नाही.

भाषा

औपचारिक म्हणजे अवघड, असा समज घट्ट असतो. मुले ‘बंदी घातली’ऐवजी ‘शासनाद्वारे बंदी करण्यात आली गेली’ असे लिहितात. कर्ता समोर आणायला सांगा: ‘सरकारने बंदी घातली.’ वाक्य १२ ते १५ शब्दांचे असावे. एका वाक्यात तिसऱ्यांदा ‘आणि’ आला की तिथे पूर्णविराम द्यावा. ‘खूप’, ‘अतिशय’, ‘भयंकर’ या शब्दांच्या जागी मोजता किंवा पाहता येणारी गोष्ट लिहावी. ‘मी’ वापरायला हरकत नाही, पण ‘मला असे वाटते की’ प्रत्येक परिच्छेदात नको. हिंदीच्या वळणाने येणारे ‘माझी मदत कर’, ‘तो मला बोलला’ हे ‘मला मदत कर’, ‘तो मला म्हणाला’ असे दुरुस्त करावे. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘मात्र’, ‘शिवाय’ यांचा अर्थ वेगवेगळा आहे. ‘शिवाय’ मुद्दा वाढवतो, ‘मात्र’ वळवतो. चुकीचा जोडशब्द पूर्ण परिच्छेदाचा अर्थ फिरवतो.

शुद्धलेखनाचे १८ नियम आहेत. १९६२ मध्ये १४ आले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. सगळे एकदम सांगू नका. एका निबंधाला दोनच नियम धरावेत. एक: मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, जसे पिशवी, पाणी, वस्तू. ‘आणि’ हा अपवाद आठवणीने सांगावा. दोन: अकारान्त (‘अ’ने संपणाऱ्या) शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटच्या अक्षराआधीचा, इकार-उकार दीर्घ असला, तरी विभक्ती लागताना ऱ्हस्व होतो: दूध–दुधाची, मूल–मुलांना, गरीब–गरिबांना. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हे बदल घेत नाहीत: शरीर–शरीराला.

तपासणी

६० मुलांच्या वर्गात प्रत्येक निबंधाला पाच मिनिटे धरली तरी ३०० मिनिटे लागतात, म्हणजे पाच तास. हे आठवड्यात जमत नाही, म्हणून शिक्षक लाल टिक मारून सही करतात. उपाय असा की कच्च्या प्रतीवर फक्त विधान आणि एक परिच्छेद वाचावा. दीड-दोन मिनिटे पुरतात. त्या वेळी शुद्धलेखनाला हात लावू नये. लाल शाईने भरलेले पान हाती आले की मूल फक्त वेलांट्या दुरुस्त करते, विचार तसाच राहतो.

समासात खुणा कराव्यात: ‘वि’ म्हणजे विधानाशी संबंध नाही, ‘दा’ म्हणजे दाखला हवा, ‘जो’ म्हणजे जोड तुटली, ‘पो’ म्हणजे वाक्य पोकळ. खुणांचा तक्ता वर्गात भिंतीवर लावावा. सातव्या तासिकेला जोड्यांनी एकमेकांचे निबंध मोठ्याने वाचावेत. लिहिणाऱ्याने स्वतः वाचू नये, जोडीदाराने वाचावा. जिथे तो अडखळतो तिथे वाक्य बिघडलेले असते. ऐकून झाल्यावर जोडीदाराने मूळ विधान स्वतःच्या शब्दांत सांगावे. सांगता आले नाही, तर दुरुस्ती तिथून सुरू करावी.

पक्क्या प्रतीबरोबर चिठ्ठ्या, आराखडा आणि कच्ची प्रत जोडून घ्यावी. मोबाइलवरून उतरवलेल्या निबंधामागे हे काही नसते, त्यामुळे वेगळी चौकशी करावी लागत नाही. २० पैकी गुण देताना विधानाला ४, दाखले आणि तर्काला ६, मांडणीला ५, भाषेला ३ आणि शुद्धलेखनाला २ ठेवावेत, आणि ही वाटणी लिहायला बसण्याआधीच सांगावी.

परीक्षेसाठी

परीक्षेत याच कामाला वीस मिनिटे मिळतात असे धरा: चार मिनिटे विधान आणि आराखडा, तेरा लेखन, तीन वाचन. शब्दमर्यादा कमी असेल तर एक मुद्दा आणि विरोधी बाजू एवढेच ठेवावे. सगळे मुद्दे एकेका ओळीत कोंबू नयेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन तासांत १,००० ते १,२०० शब्दांचे दोन निबंध, मिळून २५० गुणांना, मराठीतूनही लिहिता येतात. तिथेही आधी विधान, मग आराखडा, हाच क्रम लागतो. पहिली चार मिनिटे लेखणी उत्तरपत्रिकेला लावायची नाही, याचा सराव वर्गात घड्याळ लावून निदान तीनदा घ्यावा. पहिल्या खेपेला शेजारच्याचे लिहिणे सुरू झालेले पाहून बहुतेक मुले दुसऱ्याच मिनिटाला आराखडा सोडतात. तेव्हा ती चार मिनिटे सगळ्या वर्गाच्या लेखण्या खाली ठेवूनच सुरू करावीत आणि आराखडा पेन्सिलीने, वेगळ्या कागदावर लिहायला लावावा.